वांगावर घरी काय काय लावून बघितलं

वांग म्हणजे काय हे ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गालाच्या हाडावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग, दोन्हीकडे साधारण सारखेच, दुखत नाहीत खाजत नाहीत, पण भेटेल तो माणूस आधी तिकडे बघणार आणि मग विचारणार "काय गं, बरं नाहीये का?" माझं दुसऱ्या खेपेला आलं, पहिल्या वेळी काहीसुद्धा नव्हतं. बाळ झालं की जातं म्हणाल्या सगळ्या, आणि पुष्कळ जणींचं जातंही, माझं जरासं फिकट झालं आणि तिथेच ठाण मांडून बसलं, दर एप्रिलमध्ये परत गडद. माझ्या आईला आहे, मावशीलाही आहे, त्यामुळे घराण्यातून आलं म्हणायचं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे हार्मोन्स वरखाली झाले की त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी जरा जास्तच उत्साहाने कामाला लागतात, आणि वरून ऊन पडलं की मग बघायलाच नको.

पार्लरमध्ये आयब्रोला बसलं की दोरा दातात धरलेल्या अवस्थेतच ती मुलगी सुरू होते, मॅडम पिगमेंटेशन वाढलंय, टॅनिंग पण आहे, एक पॅकेज घेऊन टाका ना, सहा सिटिंग. मी हो हो करते आणि आयब्रोचे पैसे देऊन निघते. ब्लीच तर मुळीच नाही, कारण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा एक स्वभाव आहे, तिला कशानेही जळजळ झाली की ती लाल होऊन गप्प बसत नाही, त्या जागी काळा डाग ठेवून जाते. पिंपल फोडला तरी डाग, डास चावून खाजवलं तरी डाग. म्हणजे डाग घालवायला लावलेली गोष्ट जर झोंबत असेल तर ती नवीन डाग पाडायची व्यवस्था करतेय. पुढे जे जे करून बघितलं त्यात ही एकच गोष्ट मी धरून ठेवली.

घरी प्रयोग सुरू करायच्या आधी स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवून आले. त्यांनी खोलीत अंधार करून जांभळट दिव्याखाली चेहरा बघितला, त्याला वूड्स लॅम्प म्हणतात, रंग वरच्या थरात आहे की खोल गेलाय याचा त्यातून थोडा अंदाज येतो. मग प्रश्नच प्रश्न. थायरॉईड आहे का, गोळ्या कुठल्या, केसांना डाय लावता का, कारण काळ्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी असेल तर कपाळाच्या कडेने, कानाजवळ काळपटपणा येतो आणि बाई त्याला वांग समजून क्रीम लावत बसते. टिकली कुठली लावता हेही विचारलं! टिकलीच्या मागच्या गोंदाने काही जणींना बरोबर तेवढ्याच जागी पांढरा डाग पडतो. माझ्या एका मामींच्या कपाळावर तसा आहे, आम्ही इतकी वर्षं त्याला कोड समजत होतो. शेवटी डॉक्टर म्हणाले काही वरचं आहे काही खोलचं, फिकट होईल, पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. सनस्क्रीन आणि एक जेल लिहून दिलं, बाकी दुकानात मिळतं ते बघा हवं तर लावून, पण एका वेळी एकच, आणि मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने कुठलीही ट्यूब नाही.

एका वेळी एकच हे ऐकायला सोपं आहे. ऑनलाइन सेल लागला की कार्टमध्ये सीरम, टोनर, फेसवॉश, नाईट क्रीम सगळं एकदम येतं आणि आल्या रात्री चारही लावायची हौस येते. मग गुण आला तर कशाने आला कळत नाही आणि पुरळ उठलं तर कशाने उठलं तेही कळत नाही. मी ठरवलं नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी, रोज दोनदा, आठवडा-दहा दिवस. एकदाच लावून चोवीस तास थांबतात बऱ्याच जणी, पण ॲलर्जी कधीकधी चार-पाच दिवस उशिरा तोंड दाखवते. कोपराने पास केलं की कानाखाली जबड्याच्या कडेला, आणि मग चेहऱ्यावर, तेही अर्ध्याच.

अर्ध्या चेहऱ्याची आयडिया माझी नाही, संशोधक असंच करतात, एकाच माणसाच्या एका गालावर औषध आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे ऊन, झोप, जेवण, पाळी सगळं दोन्ही गालांना सारखं. घरात मात्र हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, नवरा रोज सकाळी विचारायचा, आज कुठल्या गालाशी बोलू?

फोटोचं काम सगळ्यात कटकटीचं निघालं. फोनचा कॅमेरा आपल्याला न विचारता चेहरा गुळगुळीत करतो, ते सेटिंग शोधून बंद करावं लागलं. मग रविवारी सकाळी, तोंड धुऊन पुसून, त्याच खिडकीत, त्याच वेळेला. तरी एका फोटोत मी पिवळी दिसायची आणि पुढच्यात निळसर, तुलना काय करणार डोंबल! शेवटी घराला रंग काढला होता तेव्हाचं शेड कार्ड सापडलं, ते गालाला लावून फोटो काढायला लागले. कार्डावरचे बदामी, तपकिरी चौकोन दोन्ही फोटोत सारखे दिसत असतील तरच तो फोटो धरायचा, नाहीतर डिलीट.

आणि पहिल्याच नीट फोटोत दिसलं की माझी डावी बाजू मुळातच जास्त गडद आहे. हे आरशात कधी कळलं नव्हतं. ऑफिसात माझं टेबल खिडकीला चिकटून आहे, खिडकी डावीकडे, दिवसभर. काचेतून ऊन लागत नाही असं आपण समजतो आणि ते अर्धंच खरं आहे, कातडी भाजून लाल करणारे यूव्हीबी किरण काच बऱ्यापैकी अडवते पण यूव्हीए आरपार येतात, आणि वांग गडद करायला, सुरकुत्या पाडायला ते पुरतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, इंटरनेटवर शोधलात तर लगेच मिळेल, ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं ट्रक चालवलेला, अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे म्हणून खिडकीही डावीकडे, त्याच्या चेहऱ्याचा डावा भाग उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसतो. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले होते. तेव्हापासून मी दोन गालांची एकमेकांशी तुलना करायची सोडली, प्रत्येक गालाची त्याच्याच जुन्या फोटोशी करायची.

घरगुती उपायांपासून सुरुवात केली कारण घरात सासूबाई आहेत, त्यांना मी आईच म्हणते. आई म्हणाल्या, आमच्या वेळी जायफळ उगाळून लावायचे, कशाला त्या बाटल्या. देवघरातली सहाण नको म्हणून त्यांनी माळ्यावरून बाळगुटीची जुनी सहाण काढून दिली, मी त्यावर दोन थेंब दूध घेऊन जायफळ उगाळलं. वास इतका सुंदर की श्रीखंडच आठवलं. कोपराला लेप लावला, सुकला, धुतला, पहिल्या दिवशी काही नाही. तीन-चार दिवसांनी तिथे खाज आणि बारीक पुरळ. जायफळात जी तेलं असतात, ज्यांचा तो वास, ती तिखट असतात आणि नाजूक कातडीला झोंबतात. आईंना दाखवलं, त्या म्हणाल्या तुझी कातडीच शहरी. असेल. जायफळ परत मसाल्याच्या डब्यात गेलं आणि माझ्या गालापर्यंत पोचलं नाही.

डाळीचं पीठ आणि सायीबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही, साबणापेक्षा मऊ वाटतं, फक्त त्याने वांग हलत नाही. दिवाळीचं उटणं पण तसंच, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, अंगाला चोळावं, छान वाटतं, चेहऱ्यावर चोळू नये, कारण चोळणं हाच घोटाळा आहे, मसुराच्या डाळीची भरड घेऊन गाल घासणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि त्यांचे डाग वाढलेलेही बघितलेत. लिंबू तर लांबच ठेवा. लिंबाचा रस आम्ल म्हणून इतका तीव्र की सामू म्हणजे पीएच साधारण दोन, कातडीचा स्वतःचा पाचच्या आसपास, आणि वर लिंबाच्या जातीच्या फळांत अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे पट्टे उठतात. परदेशात सुट्टीवर जाऊन उन्हात लिंबू पिळणाऱ्यांच्या हातावर हे होतं म्हणे, आपण मुद्दाम तोंडाला चोळून गच्चीत कपडे वाळत घालायला जातो.

आता सनस्क्रीन. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला वाटतं खरी गंमत इथेच आहे.

ट्यूबवर एसपीएफ ५० लिहिलेलं असतं, उन्हापासून किती बचाव होतो याचा तो आकडा, प्रयोगशाळेत काढतात तेव्हा कातडीच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. चेहरा आणि थोडी मान मिळून सहाशेच्या आसपास चौरस सेंटीमीटर धरले तर झालं सव्वा ग्रॅम. सव्वा ग्रॅम म्हणजे किती? माझ्याकडे पावाचं यीस्ट मोजायला घेतलेला छोटा डिजिटल काटा आहे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्यावर बटर पेपर ठेवला आणि घरातल्या प्रत्येकाला सांगितलं, तू रोज लावतोस तेवढं यावर काढ. लेकीचं निघालं अर्धा ग्रॅम. नवऱ्याचं ०.२, आणि वर तो म्हणाला मी तर भरपूर लावतो. माझं पाऊण ग्रॅमच्या जरा खाली. मग तर्जनी आणि मधलं बोट पुढे करून दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ काढली, तो दोन बोटांचा नियम म्हणतात तो, आणि ते पेपरवर पुसून मोजलं, सव्वा ग्रॅमच्या अगदी जवळ आलं. दोन बोटं रेघ चेहऱ्यावर एकदम फासली की गणपतीतल्या सोंगासारखं दिसतं हे खरं आहे, म्हणून आधी एका बोटाचं लावायचं, पाच मिनिटं चहा ठेवायचा, मग दुसऱ्या बोटाचं. कान, मान, हनुवटीखाली विसरायचं नाही.

हिशेब करा आता. ५० ग्रॅमची ट्यूब, सकाळी एकदा आणि दुपारी जेवणानंतर एकदा असं दोनदा सव्वा ग्रॅम, ट्यूब तीन आठवड्यांच्या आतच संपते. साडेचारशेची ट्यूब असेल तर महिन्याला दीड ट्यूब, पावणेसातशे रुपये, आणि ज्यांची ट्यूब सहा महिने पुरते त्यांनी सनस्क्रीनला नावं ठेवू नयेत. एसपीएफ ३० आणि ५० यात कागदावर फरक फार नाही, ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० साधारण ९८, पण आपण कायम कमीच लावतो म्हणून ५० घ्यावं. आणि हा आकडा फक्त यूव्हीबीचा, यूव्हीएसाठी ट्यूबवर छापलेल्या 'पीए' या अक्षरांपुढचे प्लस बघायचे, तीन किंवा चार. मी आधी पीए न बघता घेतलेली एक ट्यूब नवऱ्याला देऊन टाकली, ०.२ ग्रॅमने त्याला ती जन्मभर पुरेल.

पुण्यात आपण स्कार्फ बांधतो म्हणून ऊन लागत नाही अशी एक समजूत आहे. माझी ओढणी खिडकीसमोर धरली आणि मागे हात ठेवला तर पाचही बोटं मोजता येत होती. एप्रिल-मेच्या दुपारी इथे यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातले यूव्ही किरण किती तीव्र आहेत याचा आकडा, अकराच्या वर जातो, तेव्हा ती ओढणी धुळीसाठी ठीक आहे. जाड, गडद, घट्ट विणीचा कपडा घेतला तर गोष्ट वेगळी पण मे महिन्यात तो तोंडावर गुंडाळून सिग्नलला उभं राहून दाखवा.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तेव्हा मला पटली नव्हती, की वांगाला नुसतं यूव्ही नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा गडद करतो, विशेषतः आपल्यासारख्या रंगाच्या कातडीत, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी टिंटेड म्हणजे रंगीत सनस्क्रीन लागतं, त्यातला आयर्न ऑक्साईड, चक्क गंजाच्या जातीचा रंग, ते काम करतो. आता आपल्या रंगाची शेड मिळणं म्हणजे दिव्य, पहिली लावली तर चेहरा राखाडी, दुसरी लावली तर भगवा, आणि सगळ्या पांढऱ्या कुर्त्यांच्या गळ्याला बदामी कड. तिसरी जमली. उजव्या गालावर टिंटेड आणि डाव्यावर साधं असं करून बघायचं माझ्या मनात होतं पण दोन रंगांचं तोंड घेऊन ऑफिसला कोण जाणार, तेव्हा हा प्रयोग तेवढा अर्ध्यावर न करता पूर्ण चेहऱ्यावरच केला.

व्हिटॅमिन सी सीरम उजव्या गालावर सुरू केलं. ॲस्कॉर्बिक ॲसिडवालं घेतलं, ते कातडीत शिरायला सीरमचा सामू साडेतीनच्या खाली असावा लागतो म्हणून थोडं चुरचुरतंच, मिनिटभर. त्रास त्याचा नाही, त्रास बाटलीचा. हवा आणि उजेड लागला की ते बिघडतं, आधी पाण्यासारखं, मग फिकट पिवळं, मग चहासारखं तपकिरी. ड्रॉपरची बाटली, प्रत्येक वेळी उघडायची, त्यात आपला पावसाळा. फ्रीजमध्ये ठेवलं तर लेकीने कुठलंतरी इसेन्स समजून केकमध्ये घालायला घेतलं होतं, वेळेवर बघितलं. गालावर म्हणाल तर थोडा तजेला आला, वांगात मला तरी फोटोत फरक दिसला नाही, बाटली तपकिरी झाली तेव्हा फेकली आणि परत आणली नाही. दुसऱ्या कुणाला उपयोग झाला असेल, नाही म्हणत नाही.

नायसिनामाईड पाच टक्के, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, स्वस्त, वास नाही, झोंबत नाही, तयार झालेला रंग वरच्या पेशींकडे जायला ते अडथळा करतं. आता ते आमच्या मॉइश्चरायझरमध्येच असतं. दहा टक्क्यांचं घेतलं की दुप्पट गुण असं काही होत नाही, लाली मात्र येऊ शकते.

डॉक्टरांनी दिलेलं जेल ॲझेलेक ॲसिडचं. याची गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडे छातीपाठीवर, मानेवर फिकट पांढरे ठिपके येतात ना, शिबं म्हणतो ते, ते एका बुरशीने होतात आणि त्या जागी कातडीचा रंग का उतरतो हे शोधता शोधता शास्त्रज्ञांना हे ॲसिड सापडलं. म्हणजे शिब्यांनी जो रंग घालवायचा तो आता आपण ट्यूबमधून मुद्दाम घालवतो. गहू, बार्लीसारख्या धान्यांतही ते असतं. गरोदर बायकांनाही डॉक्टर हे देतात, बाकीची बरीच औषधं तेव्हा बंद असतात. लावल्यावर पहिले काही आठवडे असं वाटतं की गालावर मुंग्या चालतायत, आग नाही, खाज नाही, मुंग्याच. मी ओल्या चेहऱ्यावर लावलं की मुंग्या जास्त, कोरडा करून वीस मिनिटांनी लावलं की कमी, आणि आधी मॉइश्चरायझर लावून वर लावलं की जवळपास नाहीच. हे मी फक्त डाव्या, जास्त गडद गालावर लावलं. महिना-दीड महिना काहीच नाही, शेड कार्ड धरून बघितलं तरी नाही. कातडीचा वरचा थर बदलायलाच महिनाभर लागतो, वय वाढलं की जास्त, त्यामुळे 'सात दिवसांत फरक' लिहिलेलं असतं त्या डबीत एकतर काही नसतं नाहीतर नको ते असतं.

नको ते काय असतं, ते माझ्या मोठ्या नणंदेच्या पर्समधून निघालं.

ताई गणपतीला आल्या तेव्हा चेहरा असा चमकत होता की सगळ्या बायका विचारायला लागल्या. वांग त्यांनाही होतं, माझ्याहून जास्त, आणि ते गेलेलं! त्यांनी मला बाजूला घेऊन ट्यूब दाखवली, आमच्या मेडिकलवाल्याने दिली, गोरं व्हायची आहे, स्वस्त पण आहे. मी चष्मा लावून मागचं बारीक वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. कडेला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा. पहिलं रंग बनू न देणारं, दुसरं व्हिटॅमिन एच्या कुळातलं, आणि मोमेटासोन म्हणजे स्टेरॉईड. हे मिश्रण खोटं नाहीये, १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या दोन डॉक्टरांनी अशा तीन औषधांचा फॉर्म्युला मांडला तेव्हापासून वांगावर अशी मिश्रणं वापरली जातात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, ठराविक आठवडे, मग बंद. ताई किती महिने लावत होत्या ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी जवळून बघितलं तर गालांवर केसासारख्या बारीक लाल शिरा, कातडी पातळ, हनुवटीवर लव वाढलेली. गोरंगोमटं दिसण्याच्या नादात हे कोणी बघतच नाही.

"ताई, हे औषध आहे, क्रीम नाही. डॉक्टरांना दाखवा ना एकदा."

"तू काय डॉक्टर आहेस का गं? गुण आलाय तर तुला खुपतंय."

मी गप्प बसले, सणाचे दिवस. पुढे ट्यूब संपली, गावात मिळाली नाही, चार-पाच दिवसांत फोन आला, वहिनीला द्या म्हणे. चेहरा लालभडक, गॅससमोर उभं राहवत नाही, भाकरी थापायला सुनेला उभं केलंय. हे असंच होतं, स्टेरॉईडची सवय लागलेली कातडी ते बंद केलं की बंड करते, मग माणूस घाबरून परत तीच ट्यूब आणतो, परत बरं वाटतं, आणि असं चक्र सुरू राहतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला वेगळं नावच दिलंय, इतके पेशंट येतात. २०१८ मध्ये सरकारने कातडीला लावायच्या अशा बऱ्याच स्टेरॉईड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी घातली, तरी काउंटरवर काय चालतं ते आपल्याला माहितीय. ताईंना डॉक्टरांनी हळूहळू सोडवलं त्यातून, एकदम नाही, आणि वांग परत आलं, आधीपेक्षा थोडं जास्तच.

निदान त्या ट्यूबवर काय आहे ते छापलेलं तरी होतं. बिनलेबलच्या डब्या त्याहून वाईट. २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलं होतं, अकोल्याच्या एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, गोरं करणारं क्रीम लावत होत्या, किडनीचा त्रास सुरू झाला, मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग बनायचं थांबवतो म्हणून गोरेपणा येतो, आणि कातडीतून आत जाऊन किडनीवर बसतो. कायद्याने अशा क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखात एक भाग एवढाच चालतो. तेव्हा पार्लरमध्ये कुणी आमचं स्वतःचं फॉर्म्युला क्रीम म्हणून बिननावाची पांढरी डबी पुढे केली, की उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर विचारायचा, नसेल तर आयब्रो करून उठायचं.

रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचा सुरकुत्यांसाठी लावतात तो प्रकार, शेवटी घेतलं, तेही चाळिशी जवळ आलीय म्हणून, वांगासाठी असं नाही. वाटाण्याएवढं, रात्री, आठवड्यातून दोनदा, आधी मॉइश्चरायझर आणि नंतर परत मॉइश्चरायझर. बाळाचा विचार असेल तर याच्या वाटेला जायचं नाही. नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्याला पोपडे निघाले, तिथे आधी व्हॅसलिन लावायला लागले तर थांबले. काही जणी म्हणतात पोपडे निघाले म्हणजे काम करतंय. माझ्या लेखी पोपडे निघाले म्हणजे कातडी चिडलीय, आणि चिडली की काय करते ते वर सांगितलंय. ऐन मे महिन्यात मी ते बंद ठेवते.

तर हिशेब काय लागला? डावा गाल, ॲझेलेकवाला, तीन-चार महिन्यांनी शेड कार्डवर एका चौकोनाने फिकट झाला, म्हणजे ज्या तपकिरी चौकोनाशी जुळत होता त्याच्या वरच्याशी जुळायला लागला. पण गंमत अशी की उजवा गालसुद्धा फिकट झाला होता, थोडा कमी, आणि त्या वेळी उजव्यावर काहीच नव्हतं, फक्त दोन बोटं टिंटेड सनस्क्रीन दिवसातून दोनदा, जे दोन्हीकडे होतं. म्हणजे बराचसा वाटा त्या कंटाळवाण्या सव्वा ग्रॅमचा. ज्याची जाहिरात नाही पाहिली, ज्याची बाटली सुंदर नाही, ज्याचा कुर्त्याला डाग पडतो, त्याचा. आता ॲझेलेक दोन्ही गालांना लावते, प्रयोग संपला त्या बाबतीत. वरच्या ओठावरचं मात्र तसूभर हललेलं नाही, ते बहुतेक खोलवरचं असावं, असू दे.

लेक आता चौदाची आहे, तिला कोरियन दहा पायऱ्यांचं रुटीन करायचंय, तिच्या मैत्रिणी रेटिनॉल लावतात म्हणे, गुळगुळीत गालांवर रेटिनॉल! मी तिला फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि काटा दिलाय. सनस्क्रीन आता ती एक ग्रॅम लावते, बापाला टोमणे मारते.

राहिली ऑफिसची खिडकी. डावा गाल अजूनही उजव्याच्या मागेच आहे आणि मला त्याचं कारण रोज नऊ ते सहा समोर दिसतं. ॲडमिनला मेल टाकला की काचेला यूव्ही फिल्म नाहीतर निदान पडदा लावा, उत्तर आलं की पुढच्या क्वार्टरच्या बजेटमध्ये बघू. शेजारच्याला जागा बदलायला विचारलं तर तो म्हणाला त्याला खिडकी आवडते पण एसी थेट डोक्यावर येतो तिथे. तोपर्यंत मी काचेला सकाळचा पेपर चिकटवलाय, सोमवारी नवीन लावते, आणि आजूबाजूचे लोक जेवणाच्या सुट्टीत त्यातलं शब्दकोडं सोडवायला माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात.